‘धुरा’चे संपादक

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकच परदेश पाहिला, आणि तो म्हणजे बऱ्हाणपूर. नांदुऱ्याहून सकाळची गाडी धरली आणि भुसावळला बदलली की जेवायच्या वेळेपर्यंत माणूस तिथे पोचतो. पण मध्ये राज्याची हद्द लागते, आणि हद्द ओलांडली की सरांच्या लेखी तो परदेश. दोन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये तिथली मावा जिलेबी वाटली आणि उभं राहून अहवाल दिला, की तिकडच्या लोकांचं आपल्याविषयी मत एकंदरीत चांगलं आहे, संबंध वाढवायला वाव आहे.

असा हा माणूस नांदुऱ्यातून आंतरराष्ट्रीय घडामोडींना वाहिलेलं षण्मासिक काढत होता. त्याचं नाव ‘धुरा’.

सर आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी. त्यामुळे ते मला मुलांसमोर ‘मॅडम’ म्हणत आणि प्रेसमध्ये ‘पोरी’. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझ्या नावामागे आज जी पदवी लागते तिच्यात निम्मा वाटा सरांचा आहे, आणि ही गोष्ट मी कोणालाही, कुठेही सांगते.

सरांच्या काखेत जगाचा गुंडाळलेला नकाशा कायम असायचा. स्कूटरवर तो पुढे आडवा धरून ते गावातून जात, त्यामुळे समोरून येणारे आपोआप बाजूला होत. वर्गात तो छडी, गल्लीत कुत्रं हाकलायची काठी, आणि जून-जुलैत छत्री. ऑस्ट्रेलियाचा उजवा कोपरा एका कुत्र्याने नेला होता. सरांनी तिथे बॉलपेनने किनारा काढून घेतला आणि खाली लिहिलं, ‘अंदाजे’.

मासिकाचा जन्म कसा झाला हे मला नीट माहीत आहे, कारण त्यात माझा हात आहे. हात म्हणण्यापेक्षा तोंड. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दुपारचा तास, अर्धा वर्ग डुलक्या घेत होता. सरांनी विचारलं, देश एकमेकांशी काऊन भांडतात? पुस्तकात पाच कारणं दिली होती आणि ती फळ्यावर लिहिलेलीही होती, तरी कोणी बोलेना. मग नकाशाचं टोक माझ्याकडे वळलं. मी रोज गावाहून एसटीने यायचे. आदल्याच संध्याकाळी वावरात आमच्या बाबांचं आणि शेजारच्या किसनाकाकांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि माझ्या डोक्यात तेच चालू होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘धुऱ्यावरून.’

सगळा वर्ग जागा होऊन हसला. धुरा म्हणजे आमच्याकडे दोन वावरांमधला बांध. पुण्याकडे धुरा म्हणजे जबाबदारी, ती लोक खांद्यावर घेतात. आमच्याकडे धुऱ्यावरून डोकी फुटतात. शेजारी दरवर्षी वखराची पाळी देताना चार बोटं आत येतो, याला धुरा कोरणं म्हणतात. चार बोटांसाठी कोणी पोलिसात जात नाही, आणि दहा वर्षांनी बघावं तर शेजाऱ्याच्या कपाशीच्या दोन ओळी आपल्या हद्दीत उभ्या असतात.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरची पाचही कारणं पुसली आणि तिथे तो एकच शब्द लिहिला. खडू तुटेपर्यंत खाली रेघा ओढल्या. ‘लढाईनं जमीन कमी जाते, कोरल्यानं जास्त जाते,’ असं म्हणाले आणि पुढचा आठवडाभर त्यांनी आम्हाला सगळं जग धुऱ्यावर उभं राहून दाखवलं. समुद्र नसलेले देश म्हणजे वहिवाटीचा रस्ता नसलेली वावरं, दुसऱ्याच्या उभ्या पिकातून बैलगाडी न्यावी लागते म्हणून कायम गोड बोलतात. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे तंटामुक्ती समिती, चहा चांगला असतो. नकाराधिकारवाले पाच देश म्हणजे गावचे पाच पाटील, भांडण त्यांचंच असलं की समितीला कोरम भरत नाही. त्या वर्षी घटक चाचणीत प्रश्न आला: ‘धुऱ्यावरील बोरीची बोरे कोणाची? सागरी संपत्तीच्या संदर्भात चर्चा करा.’ मी तीन पानं लिहिली. त्याआधी मला कुठल्याच विषयात तीन पानं लिहिता आली नव्हती.

दिवाळीनंतर पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर जगाचा नकाशा, आणि देशांच्या सीमांवर सरांनी स्वतः काढलेलं गवत.

अंक छापायचे आमचे चाचा. त्यांचं प्रेस स्टेशनरोडला. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, त्यामुळे लग्नसराईत जागतिक राजकारण थांबायचं. एका उन्हाळ्यात चाचांनी घाईघाईत पत्रिकेच्याच पानावर आमचा मजकूर बसवला आणि वरची ओळ काढायची राहिली. अंक हातात आला तेव्हा संपादकीय असं सुरू होत होतं: ‘आमचे येथे श्री कृपेकरून अण्वस्त्रप्रसारबंदी करार’. खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ हेही होतं. मी रडकुंडीला आले. चाचा कान पकडून उभे. सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘चाचा, यात चूक काय हाय? उपस्थिती तर पायजेच ना. अर्धे देश येतच नाहीत सहीले.’ तो अंक तसाच गेला. एका वर्गणीदाराने कळवलं, की या वेळची सुरुवात मंगल वाटली.

सर जगातल्या सगळ्या वकिलातींना अंक पाठवायचे. उत्तरं क्वचित यायची, पण यायची. एकदा एका छोट्या बेटाच्या देशाकडून मोठं रंगीत पोस्टर आलं. समुद्रकिनारा, नारळ, आणि पोहण्याच्या कपड्यातली एक बाई. परराष्ट्राकडून आलेली वस्तू नाकारणं सरांना शक्य नव्हतं, आणि ती विभागात तशीच लावणं आम्हाला शक्य नव्हतं. शेवटी सरांनी बाईच्या गळ्यापासून खाली युरोपचा नकाशा चिकटवला. पुढे कित्येक वर्षं ती बाई नॉर्वेच्या वरून हसत बाहेर बघायची, आणि परीक्षेला आलेले बाहेरचे पर्यवेक्षक तिला कोणी तरी राष्ट्राध्यक्ष समजून नमस्कार करायचे.

हे सगळं छान चाललं होतं, आणि मग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून घेतलं. अध्यक्षांची जिनिंग फॅक्टरी आहे. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही वस्तूकडे कापसाच्या गाठीसारखं बघणार, वजन किती भरतं म्हणून. त्यांनी सांगितलं, की मासिक ते दर वेळी घरी नेतात आणि घरचे त्यावर लोणच्याची बरणी ठेवतात. आता कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरून समिती यायची आहे. तिला दाखवायला अंकात एखादं मोठं नाव हवं, पुण्या-दिल्लीचं. ते आलं तर ठीक, नाही तर येता अंक शेवटचा. मासिकाची खोली मग प्रयोगशाळेच्या स्टोअरला द्यायची.

सर विभागात परत आले आणि प्रथमच नकाशा कोपऱ्यात उभा करून हात मोकळे ठेवून बसले. मला ते बघवेना. मीच म्हणाले, सर, मी पत्र लिहिते.

परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुण्यात राहतात, त्यांची भाषणं मी ऐकली होती. आम्ही त्यांना आपसात राजदूतसाहेब म्हणायचो. त्यांना मी चार कागद फाडून पाचव्यावर पत्र लिहिलं. एम.ए.ला जेवढी शुद्ध मराठी शिकले होते तेवढी सगळी त्यात घातली. ‘धुरा’ या नावाचा अर्थ मात्र लिहिला नाही. लिहायला विसरले असं मी सगळ्यांना सांगितलं, पण विसरले नव्हते. वावर, बांध, कोरणं हे पुण्याच्या माणसाला कसं लिहायचं, म्हणून लिहिलं नाही.

महिन्याभरात जाड पाकीट आलं. आत आठ पानांचा लेख, वर स्वच्छ अक्षरात मथळा: ‘जागतिक नेतृत्वाची धुरा’. सोबत पत्र, की एका छोट्या गावातल्या तरुणांनी आपल्या नियतकालिकाला इतकं महत्त्वाकांक्षी नाव द्यावं, जगाच्या नेतृत्वाची धुरा वाहण्याचं स्वप्न पाहावं, याने मी भारावलो आहे. प्रकाशनाला स्वतः येईन.

अध्यक्षांना हे कळताच त्यांनी त्याच दिवशी फ्लेक्सची ऑर्डर दिली. मी तर हवेतच होते. विभागात जाऊन बघते तो सर लेख पुढ्यात घेऊन, मथळ्यावर बोट ठेवून बसलेले.

मी म्हणाले, सर, दोन्ही अर्थ शब्दकोशात आहेत. त्यांनी त्यांचा घेतला, आपला आपल्यापाशी. छापून टाकू. मासिक वाचतंय ना.

‘पोरी,’ सर म्हणाले, ‘करार कधी मोडते, माहीत हाय काय? एका शब्दाचे दोन अर्थ असले, अन् दोघायनं आपापला धरून सही केली, का मोडते.’

मग मी खरं काय ते सांगितलं. की विसरले नव्हते, लाज वाटली होती. सर मला एका शब्दाने रागावले नाहीत. नकाशा उचलून काखेत घेतला.

‘लाज वाटण्यासारखा शब्द असता, त मी फळ्यावर लिहिला असता काय?’

एवढं बोलून ते प्रेसकडे निघाले. लेख त्यांनी जसाच्या तसा छापला. शेवटी मात्र बारीक अक्षरात टीप टाकली: ‘आमच्या भागात धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, ज्यावरून भांडणे होतात. लेखकमहाशयांना हे कळवायचे आमच्याकडून राहून गेले, त्याबद्दल दिलगीर आहोत. लेख उत्तम आहे. तो आमच्याविषयी नाही, एवढेच. – संपादक.’ चाचा ती जुळवताना मला हळूच म्हणाले, ‘बेटा, ये तो निकाह में तलाक छापने जैसा हुआ.’

प्रकाशनाच्या दिवशी साहेब पहाटेच्या गाडीने उतरले. ऐंशीच्या घरातला उंच माणूस, पांढऱ्या झुपकेदार मिशा, हातात काठी. सर आणि मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. कार्यक्रम बाराला. अध्यक्षांनी गाडी दिली होती आणि ड्रायव्हरला सांगितलं होतं, की स्टेशनवरून सरळ विश्रामगृह. गाडी सुटताच सर ड्रायव्हरला म्हणाले, इथून डावीकडं घे. मी विचारलं, कुठे? सर म्हणाले, तुमच्या वावरात.

 दहा किलोमीटर मी साहेबांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. साहेब मात्र खिडकीतून कपाशीकडे बघत मजेत होते. त्यांना वाटलं नाश्ता आहे.

बाबा आणि किसनाकाका दोघेही वावरातच होते. तुरी सोंगायला, म्हणजे कापणीला आलेल्या. सरांनी साहेबांचा हात धरून त्यांना ढेकळं चुकवत मधल्या बांधावर कडुनिंबाखाली नेऊन उभं केलं. मग ते स्वतः खाली वखरलेल्या मातीत उतरले आणि वर बघून म्हणाले, ‘साहेब, तुमी ज्याच्यावर उभे हा, ते धुरा. आमच्या मासिकाचं नाव ते हाय. ते वाहाची नसते, जपाची असते.’

साहेबांनी आधी सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. मी पुढे होऊन सांगितलं, की अर्थ लिहायचा मी टाळला, चूक माझी आहे, सरांची नाही.   मला डोळ्यांसमोर प्रयोगशाळेचं स्टोअर दिसायला लागलं.

मग साहेबांनी काठीने बांधावर टकटक केलं आणि बाबांना विचारलं, भांडण नक्की काय आहे.

बाबा किसनाकाकांकडे बोट करून म्हणाले, ‘भांडन काही नाही साहेब. हे कोरते.’

‘मी काऊन कोरू?’ किसनाकाका म्हणाले. ‘धुरा सोताच सरकते.’

साहेबांच्या मिशा हलल्या. एका नदीच्या हद्दीवरून आपण नऊ वर्षं वाटाघाटींना बसलो होतो, असं त्यांनी सांगितलं, आणि समोरचे लोक नेमकं हेच म्हणायचे, नदी स्वतःच सरकते. मोजणी का करून घेत नाही, असं विचारलं. मोजणी आणली होती, बाबा म्हणाले, पण मोजणीवाला एसटीत बसला अन् त्यानं ठोकलेले गोटेबी सरकले. साहेबांनी विचारलं, म्हणजे तुमच्यात बोलणं बंद आहे?

किसनाकाकांना हा प्रश्नच कळला नाही. ‘बोलनं काऊन बंद राहीन? भांडाले बोलाच लागते ना.’

‘अन् जेवाले दोघंबी इथंच बसतो,’ बाबांनी भर घातली. ‘सावली दुसरीकडं हाय कुठं? ते आपल्या बाजूनं पाय सोडते, मी आपल्या बाजूनं. लोनचं तेवढं इकडून तिकडं जाते.’

‘परत येत नाही ते,’ किसनाकाकांकडे बघत बाबा पुढे म्हणाले, आणि किसनाकाका म्हणाले, की एवढं खारट लोणचं परत करायची हिंमत होत नाही, पाहुण्यासमोर हा विषय काय काढतो.

साहेब खाली बसले. म्हणजे ऐंशीच्या घरातला माणूस काठी बाजूला ठेवून, एक पाय बाबांच्या वावरात आणि एक किसनाकाकांच्या वावरात सोडून, धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, मला भूक लागली आहे. दोन्हीकडून भाकरी आल्या. दोन्हीकडची लोणची त्यांनी खाल्ली आणि कुठलं चांगलं हे काही केल्या सांगितलं नाही. सर माझ्याकडे बघून मान डोलावत होते, जणू त्यांच्या तासाला आज तज्ज्ञ व्याख्याता आला होता.

अध्यक्षांचे सात फोन येऊन गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा बारा केव्हाच वाजून गेले होते. साहेबांच्या पॅन्टला माती. पूर्ण परतीच्या वाटेवर त्यांनी मासिकाविषयी चकार शब्द काढला नव्हता. व्यासपीठामागे फ्लेक्स: ‘जागतिक नेतृत्वाची धुरा’, त्यावर उगवता सूर्य, साहेब, आणि साहेबांपेक्षा थोडे मोठे अध्यक्ष. रिबीन सोडून साहेबांनी अंक हातात घेतला. पहिलं पान उघडलं नाही. मधून उघडला, चष्मा लावला, आपला लेख चाळला, आणि त्याच्या शेवटची बारीक अक्षरातली टीप मोठ्याने वाचली. ‘तो आमच्याविषयी नाही, एवढेच’ इथपर्यंत, संपादकासकट.

 अध्यक्षांचा चेहरा ओल्या कापसासारखा झाला.

‘माझा लेख आठ पानांचा आहे,’ साहेब म्हणाले. ‘तो कृपया वाचू नका. टीप वाचा. मी आयुष्यभर परराष्ट्र सेवेत होतो. माणसं हद्दीवर भांडतात हे मला तिथे शिकवलं. त्याच हद्दीवर बसून ती जेवतात, हे आज सकाळी तुमच्या संपादकांनी दाखवलं. मी लेख मागे घेतो. पुढच्या अंकाला दुसरा देईन. विषय, लोणचं.’

सगळ्यात आधी चाचांनी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनी, मग सगळ्यांनी. टाळ्या थांबल्यावर साहेब सहज वळून म्हणाले, ‘पुढचा अंक निघेल ना, अध्यक्षमहोदय?’

सरांनी काखेतला नकाशा घट्ट धरला. मी अध्यक्षांकडे बघत होते. सभागृहातले चारशे डोळे त्यांच्याकडे, साहेबांचे दोन, आणि मागच्या फ्लेक्सवरचे त्यांचे स्वतःचेही. अध्यक्ष उठले, माइकपाशी आले, घसा साफ केला.

‘निघेल म्हणजे काय?’ ते म्हणाले. ‘बंद करायचा विषय तर आमच्या संस्थेत कधी निघालाच नाही. उलट हे षण्मासिक आता त्रैमासिक करावं, असं माझ्या मनात पहिल्यापासून आहे.’

सर माझ्या कानाशी वाकले. हसू दाबायच्या नादात नकाशाचं टोक माझ्या पाठीत रुतलं होतं.

‘पाहून घे पोरी,’ ते म्हणाले, ‘याले म्हणतात मुत्सद्देगिरी. तीस वर्षं शिकवतो, पन डोळ्यानं आज पाह्यली.’